इथलं कोण चालवतं?

मासिना : "पोला सोडा गं, पोला सोडा, ढग आला दारात!" असा आवाज यायचा, मामा, आणि आम्ही पोरी एका फालेतून दुसऱ्या फालेत धावत सुटायचो, झावळ्यांचे पडदे सरसर खाली सोडत. तुम्हाला येतो का अजून तो ऐकू?

पेनितितो : न यायला काय झालं? तुझी आई किनाऱ्यावर ओरडली की तिकडे चर्चमध्ये माझी प्रार्थना चुकायची. पण मासिना, विषय भिंतींचा चाललाय. तिला मध्ये आणू नकोस.

मासिना : भिंतींचा आहे म्हणूनच आणते. पाहुण्यांसाठी बांधलेल्या तिच्या सात फालेंपैकी एकालाही भिंत नव्हती. लाटेचा आवाज आत, चांदणं आत, वारा आत. आणि पाऊस आला की पोला खाली. बस्स. पाहुण्याला आणखी काय लागतं?

(सवाईई बेटाचा दक्षिण किनारा. फालेत, म्हणजे खांबांवर झावळीचं छप्पर असलेल्या, चारी बाजूंनी उघड्या झोपडीत, चटईवर तिघं बसली आहेत : घराण्याचा प्रमुख पेनितितो, त्याची भाची मासिना आणि ऑकलंडहून आलेला त्याचा मुलगा फेरेती. मध्ये फोन. उन्हं उतरली आहेत.)

फेरेती : मासिनाताई, पाहुण्याला एसी लागतो. दाराला कुलूप लागतं. सांजेच्या प्रार्थनेचा शंख व्हायच्या आत ऑकलंडच्या पर्यटन कंपनीच्या बाईंचा फोन येईल, आणि आपण 'हो' म्हणायचं. सातही फालेंना प्लायवूडच्या भिंती. खर्च आधी त्या करतील, मग आपल्या कमाईतून वळता करून घेतील. वर्षभर पाहुणे पाठवायची हमी त्यांची.

मासिना : आणि पाटी?

फेरेती : पाटी कंपनीच्या नावाची. मार्केटिंग म्हणतात त्याला.

मासिना : आणि मॅनेजर?

फेरेती : मॅनेजर... मी. माझा कोर्स झालाय तसा.

मासिना : आणि मी?

पेनितितो : तू स्वयंपाकघर बघायचंस. तुझ्या हातची पालुसामी खायला तर येतात लोक.

मासिना : वा, मामा! अळूच्या पानात नारळाचं दूध गुंडाळावं तसं मलाच गुंडाळलंत की.

फेरेती : चिडू नकोस गं. हिशेब बघ. आज निम्मी फाले रिकामी पडतात. रिकामं फाले म्हणजे तोटा.

मासिना : रिकामं फाले खातं काय रे? छप्पर झावळीचं, चटया घरच्या, वारा फुकटचा. पाहुणा नाही तर खर्च नाही. तुझं एसीचं खुराडं मात्र रिकामं असलं तरी हप्ता मागणार, आणि भरलं की वीज पिणार. वर कंपनीचा भाव आपल्यापेक्षा निम्मा! मासळीवाला मला निम्म्या भावात मासळी देणार आहे? घर भरलेलं आणि गल्ला रिकामा, हे तुमच्या कोर्समध्ये कुठल्या धड्यात येतं?

फेरेती : भाव कमी, गर्दी जास्त. त्याला व्हॉल्यूम म्हणतात.

मासिना : आमच्याकडे त्याला चादरी धुणं म्हणतात.

पेनितितो : भांडू नका रे. शेजारच्या फालेत लोक आहेत.

मासिना : ऐकू देत. भिंती नाहीत ना मध्ये.

फेरेती : बरं, मग पाहुणे आणणार कोण? तुझी जाहिरात कुठे दिसत नाही मला.

मासिना : गेल्या हंगामात ती हॅम्बुर्गची शिक्षिका आली. यंदा तिची बहीण आली, बहिणीनं मैत्रीण आणली. तिघी पत्र लिहितात ते मासिनाला. उद्या बुकिंग कंपनीकडे गेलं की ही सगळी माणसं ऑकलंडच्या कपाटात. आणि पुढल्या वर्षी कंपनीला आपल्याहून पांढरी वाळू सापडली, की पाहुणे तिच्या मागे तिकडे. भिंती तेवढ्या आपल्या गळ्यात.

पेनितितो : पोरी, तुझं मला कळतं. पण माझ्याही बाजूनं बघ की. चर्चचं छप्पर करायचंय. माझ्या आत्याच्या मयताला एकेका घरानं भरभरून दिलं, आणि तू कमाईच्या पेटीला हात लावू दिला नाहीस. माझी मान खाली गेली.

मासिना : माझ्या वाटणीचं दिलं मी. आईनं विणलेली बारीक चटई दिली, मामा. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ती. पण पेटीत होता तो पोरांचा पगार. आठवतं ना, आधी दर मयताला पेटी रिकामी व्हायची आणि पोरं सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला पळायची? इकडे पाहुणे जेवायला बसलेत आणि उमूची भट्टी पेटवायला माणूस नाही! मी पगार आधी बाजूला काढायला लागले, तेव्हापासून एकही पोरगा गेला नाही. नुसत्या हुकमानं डुक्करसुद्धा हलत नाही.

फेरेती : आता डुकराचा विषय कशाला?

मासिना : का? बोचला?

पेनितितो : तो विषय गावाच्या सभेत मिटलाय.

मासिना : माझा नाही मिटला. शनिवारी यानं कंपनीचे नमुन्याचे पाहुणे आणले. सांजेचा शंख झाला, सगळं गाव प्रार्थनेला बसलं, रस्त्यावरचं पोर हललं नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर गाणी! बाटल्या! नाच!

फेरेती : त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत होतं?

मासिना : कारण तू सांगितलं नाहीस! त्यांच्या माहितीपत्रकातून शंख तूच काढून टाकलास. काय कारण दिलं होतंस? सांग की बाबांना.

फेरेती : पाहुण्यांची गैरसोय होते.

मासिना : गैरसोय! मी प्रत्येकाला आल्या आल्या सांगते : शंख वाजला की असाल तिथे बसा, बोलू नका, समुद्राकडे बघत राहा. ती हॅम्बुर्गची बाई पहिल्या संध्याकाळी रडली होती. घरी जाऊन तिनं लिहिलं तेच. लाटा काय, तिला कुठेही मिळाल्या असत्या.

फेरेती : झाली चूक. दंड भरला ना आपण?

मासिना : आपण? डुक्कर माझं होतं.

पेनितितो : चांगलं मोठं होतं.

मासिना : पोरं त्याला 'मॅनेजर' म्हणायची.

पेनितितो : हसवू नकोस मला.

मासिना : मग पुढचं ऐका, हसू जाईल. सभेत काय म्हणालात तुम्ही?

पेनितितो : काय म्हणालो?

मासिना : "किनाऱ्यावरचं माझी भाची चालवते, चूक तिची." माशासारखी बातमी पोचते, मामा, ताजी ताजी.

पेनितितो : म्हणालो. पोराची लाज राखायची होती.

मासिना : म्हणजे दंडाच्या वेळी चालवणारी मी, आणि पाटीच्या वेळी मी स्वयंपाकघरात?

फेरेती : ताई, बाबांशी असं बोलतात?

पेनितितो : तू गप्प बस.

मासिना : तुम्ही आजोबांना वाढत होतात. त्यांच्यापुढे बसून माशा वारायच्या, सगळ्यांची पोटं भरली की मग आपण जेवायचं. त्या वाढण्याला आपण तौतुआ म्हटलं, सेवा म्हटलं. त्याच सेवेवर घराण्यानं तुम्हाला प्रमुखाचं नाव दिलं, सभेत मानाच्या खांबाशी बसवलं. मीही वाढतेच आहे. आई गेली त्या दिवसापासून वाढतेय. उन्हात वाढतेय, वादळात वाढतेय. तुमचं वाढणं तेवढं तौतुआ, आणि माझं वाढणं नुसतं जेवण?

पेनितितो : आवाज चढला की थेट आईसारखी होतेस तू.

मासिना : होऊ दे. भिंती होऊ देणार नाही मी, सांगून ठेवते. प्लायवूड बोटीतून उतरलं तर त्याच्यावर बसून राहीन. उचला मग मला प्लायवूडसकट.

पेनितितो : झालं बोलून? आता माझं ऐक. पाहुणे विचारतात, इथलं कोण चालवतं. तू काय सांगतेस?

मासिना : तुमच्याकडे बोट दाखवते.

पेनितितो : दर वेळी! मी आपला माडाखाली पत्ते खेळत बसलेला, आणि परकी माणसं येऊन माझे हात धरतात, "काय सुंदर ठेवलंय हो!" मी पानं लपवतो आणि मान डोलावतो. एकदा तरी स्वतःच्या तोंडानं म्हणालीस?

मासिना : आई तसंच करायची. भावाचा मान.

पेनितितो : तुझी आई बोट दाखवायची, आणि माझी पाठ वळली की मला हसायची. तू हसतसुद्धा नाहीस. मग तुला काय हवंय ते मला कळावं कसं?

फेरेती : फोन वाजतोय! बाबा, त्याच आहेत. द्या इकडे.

पेनितितो : हात काढ.

फेरेती : अहो, मी शब्द दिलाय त्यांना!

पेनितितो : माझ्या भाचीला न विचारता दिलेला शब्द तूच परत घे. हॅलो... हो, मी पेनितितो... हो हो, घराण्याचा प्रमुख... काय म्हणालात? मासिना, ती विचारतेय, भिंतींचं कोण ठरवणार.

फेरेती : घ्या, शंखही वाजला.

पेनितितो : माझ्याकडे बोट नको दाखवूस, पोरी. तिला दिसत नाही ते. धर.

मासिना : हॅलो. नाही बाई, भिंती नाही घालायच्या आम्हाला... हो, ठरलंय. बाकीचं नंतर बोलू, आमच्याकडे आत्ताच शंख झाला, आता बोलत नाहीत... कोण, मी?... मी मासिना. इथलं मी चालवते.