पन्नाशीतल्या तारा

सांगते, पण हसू नका. लेकीच्या दातांना तारा लावायला कोथरूडला गेले, तर ती डॉक्टरीण माझ्याच तोंडाकडे बघत म्हणाली, "काकू, तुमचेही दात आत जातील."

"पन्नाशीत? वेड लागलंय का तुम्हाला?"

"हाड जिवंत असतं काकू. वेळ जास्त लागेल, एवढंच."

माझे दात इतके पुढे, की जन्मात ओठाला ओठ लागला नव्हता. लावल्या तारा. शेजारीण म्हणालीच, "कॉलेजात नाव घातलंत वाटतं?"

वर्ष गेलं. एका दुपारी गाढ झोपले होते, तर नवऱ्याने गदागदा हलवलं. "अगं, बरी आहेस ना? ओठ मिटलेले बघून घाबरलो!"

आरशापुढे धावले. दगडासारखे दात खरंच सरकले होते हो! तशीच ओठ मिटून शेजारणीचं दार वाजवलं.