मिठाच्या शेवया

लढाई संपली त्या साली नंदुरबार स्टेशनाबाहेर मी शहाद्याच्या मोटारीची वाट पाहत होतो. शेजारी खाकी कपड्यातला उखा आणि त्याला घ्यायला आलेली त्याची माय बसली होती.

"इटलीमा काय खाये रे तू?"

"शेवया. टमाट्याना रस्सामा, मीठ टाकीसन."

"मीठ? शेवयास्मा? कोण येडी रांधे?"

"एक म्हातारी. आम्हनी तुकडी तिन्हा खळामा व्हती."

"दूध नही, गूळ नही! तू फेकी दिन्हं व्हई."

"दोन ताटं खादं."

"दोन! मन्हा हातनं तं एक ताट सरे नही तुले."

"मी तिले सांगं, मन्ही माय गोड शेवया करस. तं ती पोट धरीसन हसनी."

"हसनी? मन्हा शेवयासले?"

"मंग मी डबाना दूधमा साखर टाकीसन तुन्हासारख्या शेवया रांध्या."

"बरं करं. मंग? थुकनी?"

"वाटी चाटीसन खादी, आनि परत मांगी."

मोटार आली. उखाने ट्रंक उचलली, तशी तिने त्याची बाही धरली.

"उखा, टमाटा कितला घाले रे ती?"