जाहिरात मी दिलेली नाही

मी, ठमाबाई काळूराम तरे, वय आधार कार्डावर ६९, खरं ७२ असावं, काम घरचं आणि पापडाचं, शिक्षण दुसरी, राहणार काल्हेर, ता. भिवंडी, जि. ठाणे. आज सोमवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन हवालदार रूपा मॅडमसमोर सांगते की,

इंटरनेटवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत माझा फोटो लागला आहे. तो मी दिलेला नाही, कोणाला द्यायलाही सांगितलेलं नाही. तक्रार कंपनीवर आहे, पण जबाब मुख्य करून माझी धाकटी बहीण बायजाबाई, राहणार पडघा, हिच्यासाठी आहे. तिचा माझ्यावर विश्वास नाही. पोलिसांनी लिहून घेतलं तरच तुझ्या घरात पाय ठेवीन, असं ती म्हणाली आहे.

फोटो माझी नात मेघाली हिने नातू विपुलच्या हळदीत काढून मोबाइलवर टाकला होता. झकास आला आहे. नथ स्पष्ट दिसते. मॅडमनीही बघितला.

काल रविवारी दहाच्या सुमारास मी शिडीवर चढून शेवग्याच्या शेंगा काढत होते. यंदा हातभर लांब आल्यात. मॅडमना चार आणल्या होत्या, त्यांनी घेतल्या नाहीत. तर रिक्षा थांबली आणि बायजा उतरली. एका हातात मोसंबी, दुसऱ्या हातात कोंबडीच्या रश्श्याचा डबा, डोळे सुजलेले. आम्ही आठ वर्षं बोललो नव्हतो. मॅडमनी कारण विचारलं, ते मी सांगणार नाही.

ती म्हणाली, "ठमे, तू शिडीवर?"

मी म्हटलं, "मंग काय उडून शेंगा काढू?"

"दोन वर्सं अंथरुनात हायस म्हनून मी रस्ताभर रडत आले! मला बोलवायला मोबाइलात खोटं छापलंस!"

ती परत रिक्षात बसायला निघाली. मी डबा धरून ठेवला म्हणून थांबली.

तिच्या मोबाइलात बातमीच्या खाली माझा फोटो होता आणि "पडघ्याच्या आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून..." असं होतं. आता त्या धावतात, डॉक्टर थक्क झाले, हे पुढचं बोट लावल्यावर उघडतं. तिने बोट लावलंच नाही, तडक कोंबडी शिजवली. पडघ्याचं नाव मीच घातलं, असं तिचं म्हणणं आहे. पण मेघालीने गुडघ्याचं तेल शोधून बघितलं, तर तिच्या मोबाइलात त्याच फोटोखाली "काल्हेरच्या आजी" आहे.

मेघालीची गोदामात कॉम्प्युटरवर ड्युटी असते, तिला कळतं. ती सांगते, बातम्यांखाली असे चौकोन लावणारी कंपनीच वेगळी असते. कोण कुठे राहतो, मोबाइलात काय शोधतो, ते बघून कोणाला काय दाखवायचं ते ती ठरवते, गावाचं नावही बघणाऱ्याचंच घालते. गुडघेदुखीचं औषध शोधणाऱ्याला तेल दिसतं. म्हणजे बायजाने शोधलं. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत नव्हतं. आधी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची.

कंपनीने फोटो काढून टाकावा. माझं तोंड बघून कोणी तेल घेऊ नये, ते तेल मी पाहिलेलंही नाही. पण कंपनीवर माझा राग नाही, हेही लिहावं. मॅडम म्हणाल्या, तक्रारीत असं लिहीत नाहीत. तरी लिहावं.

मॅडमनी हा जबाब मला वाचून दाखवला. बायजा बाहेर बाकावर बसलेली, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचायला लावला. गुडघ्यांचं आलं तेव्हा ती बाहेरून ओरडली, "खोटं हाय! माझं गुडघं ठनठनीत हाय!" बाकी कशाला हरकत घेतली नाही. मग आत यायला उठू लागली, पण तिला उठवेना. मी जाऊन हात दिला. तिने धरला. लिहिलेलं सगळं मी सांगितलं तसंच आहे. मला सही येते, पण उजवा हात अजून तिच्या हातात आहे, म्हणून डावा अंगठा उमटवला आहे.