टिटवाळ्याला गार पोचलेल्या पोळ्या

व्हॅनमध्ये इंजिनाच्या जागी मोटर बसवली की पोळ्यांचं काय होतं, हे इंजिनिअरिंगला कुणी शिकवत नाही रे.

डोंबिवलीत लेलेकाकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांची डिलिव्हरीची जुनी व्हॅन आम्ही इलेक्ट्रिक करून दिली. आमचं पहिलंच गिऱ्हाईक. आठवड्याभरात काकूंचा फोन आला, "ये आधी इकडे. टिटवाळ्याहून तक्रारी आल्यात, पोळ्या गार पोचतात म्हणून. माझ्या हातची पोळी कधी गार पोचली नाही."

मी गेलो, व्हॅन बघितली आणि लगेच कळलं. पोळ्यांचे डबे पुढच्या सीटला टेकवून ठेवायचे, आणि जुनं इंजिन बरोबर त्या सीटखाली होतं.

"काकू, तुमच्या हातामुळे नाही, इंजिनामुळे गरम राहायच्या त्या."

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच मिरवत होते?"

मला वाटलं, आता इंजिन परत बसवायला सांगणार. मग दुसरं कोण आमच्याकडे गाडी आणेल? मी घाईघाईने धुरावरचं भाषण सुरू केलं.

"गप रे. ती गाडी एकदा बंद केली की सुरू व्हायची नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या या खिडकीखाली चालू ठेवूनच डबे भरायचो. खिडकी लावून आम्ही चौघी आत शिजायचो, तरी खोकायचो. आता बघ."

खिडकी सताड उघडी होती.

"इंजिन नको मला. टिटवाळ्याच्या लोकांना सांगते, घरी तवा आहे ना? गरम करून खा."