शेवटच्या गाण्यातला फाटका आवाज

घशाच्या डॉक्टरांनी शिक्षिकाबाईंना बोलायला बंदी घातली होती, कान मात्र मोकळे होते. दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी एक वेल्डर आणि त्याची भाची एकेक इअरफोन वाटून घेऊन एका म्हाताऱ्या रॉक गायकाचा नवा अल्बम ऐकत होते.

"मामा, हे शेवटचं गाणं नसतं ना, तर अल्बम सोन्यासारखा होता. आवाज पार फाटलाय त्याचा."

"फाटलाय तर फाटलाय! सत्तरी उलटलीये, कोकिळा थोडीच आहे तो?"

"मग कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून घ्यायचा की."

"जास्त घासला की जोड कमजोर होतो, पोरी. राहू दे ओबडधोबड."

"पण शेवटी तर आवाज बसतोच! नुसती गिटार उरते."

"म्हणून माईक सोडला का त्यानं? श्वास ऐक त्याचा. उभा आहे पठ्ठ्या!"

"तुझं आपलं काहीतरीच. बाई, तुम्हीच सांगा, आता गप्प बसावं की नाही त्यानं?"

बाईंनी 'बोलायला मनाई आहे' लिहिलेलं कार्ड दाखवायला काढलं, आणि तसंच पर्समध्ये कोंबलं.

"ते इअरफोन काढा," त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाल्या, "आणि मोठ्यानं लावा."