काच शाबूत आहे ना?

...आणि वर मलाच विचारतात, एवढी घाबरतेस तर आलीस कशाला? मी आले का? मला पाठवलं. आई म्हणाली, सुट्टी आहे, ताईकडे जा, दक्षिणेला समुद्राकाठचं चारशे वर्षांचं शहर, लोक कुठून कुठून बघायला येतात, तुझी तर सख्खी बहीण आहे तिथे. आता चारशे वर्षांचं शहर म्हणजे चारशे वर्षांच्या भिंती, हे कुणी आधी सांगायला नको?

तुम्हाला सांगते, माझी ताई जुन्या इमारतींची इंजिनिअर आहे. कुठली भिंत किती झुकली ते बघणं तिचं काम. अशा मुलीने राहायला कसं घर घ्यावं? नवंकोरं. हिने घेतली तिच्या यादीतली सगळ्यात आजारी इमारत, तिसरा मजला. का, तर म्हणे, "रोज नजर ठेवता येते." आणि ज्या भिंतीवर नजर ठेवायची, तिला चिकटून माझी कॉट!

त्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत एक तडा. तड्यावर आडव्या तीन काचपट्ट्या चिकटवलेल्या, बोटभर लांब, पुठ्ठ्याएवढ्या जाड, शेजारी पेन्सिलने तारीख. मी म्हटलं, ताई, हे काय? ती दात घासत म्हणाली, "भिंत सरकली की काच तडकते. काच शाबूत आहे ना? मग झोप."

झोप! तुम्हाला लागली असती?

तेवढ्यात आईचा फोन. "खोली हवेशीर आहे ना गं?" मी म्हटलं, आहे, भिंतीतूनसुद्धा वारा येतो. आई म्हणाली, "बघ, नशीब लागतं."

बरं, ताईचंच डोकं असं म्हणावं, तर सगळी इमारत तशीच. तळमजल्यावरचे शिंपीकाका रोज दुपारी चारला तोंडात टाचण्या धरून तीन जिने चढून येतात, काचा बघतात आणि उतरतात. जिन्यात प्रत्येक दारातून तोच प्रश्न, "काय, काच शाबूत आहे ना?" काका मान हलवतात. मग पहिल्या मजल्यावरच्या बाई निवांत कपडे वाळत घालतात आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आपल्या माशांना खायला घालतात. सत्तावीस माणसं तीन काचांच्या भरवशावर राहतात, आणि भित्री कोण, तर मी.

तिसऱ्या दिवशी ताई कामावर गेली. मी दर पाव तासाने काचा बघत होते. मग वाटलं, डोळ्यांचा काय भरवसा, मोजूनच बघावं. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली, कॉटवर उभी राहिले, पट्टी तड्याला लावली... आणि ती घसरली आणि मधली काच टक्. एवढासाच आवाज. पण मी आयुष्यात एवढा मोठा आवाज कधी केलेला नाही. वर्गात हजेरीलासुद्धा मी नुसता हात वर करते.

आणि दारात शिंपीकाका. चार वाजले होते.

मी सांगणारच होते. "काका, ती..." इथपर्यंत आलेही होते. पण अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि माझं जुळेपर्यंत काका दुसऱ्या मजल्यावर पोचले होते, जिनाभर टाचण्या सांडत, "तडकली, उतरा सगळे, तडकली!"

दहा मिनिटांत अख्खी इमारत रस्त्यावर. शिलाई मशीन रस्त्यावर, ओल्या कपड्यांची बादली रस्त्यावर, मास्तर माशांची पेटी पोटाशी धरून, आणि मी कंपासपेटी. ताई हेल्मेट घालून धावत आली, मागे तिचे साहेब. दोन वर्षं ताई त्यांना सांगत होती, या भिंतीला लाकडी टेकू द्या. दोन वर्षं ते म्हणत होते, "काच शाबूत आहे ना? मग घाई काय?" आता तेच म्हणाले, "टेकू उद्याच लावू." ताईने माझा हात दाबला. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? गप्प बसले तर भिंतीला टेकू मिळतो, पण सत्तावीस माणसं घराबाहेर. पेटीतले मासे माझ्याकडेच बघत होते. मी ताईच्या कानात सांगून टाकलं. ताईने डोळे मिटले. मग स्वतःच्या तोंडाने साहेबांना सांगितलं. साहेब हसले, मग सगळेच हसले. शिंपीकाका म्हणाले, "अगं पोरी, तिथेच नाही का बोलायचं?" मशीन आत गेलं, मासे वर गेले, टेकू मात्र राहूनच गेला. ताईने मधली काच नवी चिकटवली, माझी कॉट ओढून दाराशी नेली आणि पट्टी कपाटात कुलूपबंद केली.

आज सकाळी उठले, तर तिन्ही काचा तडकलेल्या.

मी हात लावलेला नाही. ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आईशप्पथ. ताईने भिंतीवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग मला एवढंच म्हणाली, "चप्पल घाल."

दारोदार गेलो. आणि आज मी बोलले, तुम्हाला सांगते, सबंध वाक्यं बोलले. "काका, या वेळी मी नाही." काकांनी टाचण्यांमधून म्हटलं, "काल तरी खरं बोललीस." मास्तर ताईला म्हणाले, "बहिणीला किती पाठीशी घालशील?" एकही माणूस उतरलं नाही. ताईने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "टेकूच्या अर्जात कारणाचा रकाना आहे ना, त्यात लिहा, धाकटी बहीण."

तर आम्ही दोघी आता समोरच्या फुटपाथवर आहोत. ताईने ओळखीचा सुतार गाठलाय, तो दुपारपर्यंत टेकू घेऊन येतो म्हणालाय. आतून मशीनचा आवाज येतोय. इमारत पडली तर मी खरी, नाही पडली तर जन्मभराची खोटारडी, आणि मी मघापासून हात जोडून सांगतेय, देवा, मला खोटारडीच राहू दे.