बाद गठ्ठ्यातली चार गावे

नाव कागदाच्या माथ्यावर नोंदवले आहे. दप्तरखान्यात मला काकू म्हणतात. वय ६३, धंदा पूर्वी शिवणकाम, राहणार दप्तरखान्यामागची गल्ली, पहिला मजला. समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती दप्तरखान्यात नकलनवीस होते. दीड वर्षापूर्वी वारले. जुन्या कागदांत गावांची नावे कशी लिहिली आहेत आणि आज कशी लिहितात, याची कार्डे त्यांनी बावीस वर्षे केली. एकेका गावाचे नाव चारचार तऱ्हांनी लिहिलेले असे. मी शाळेत गेलेली नाही; ही कार्डे उतरवूनच वाचायला शिकले.

कार्डे त्यांनी एका जुन्या प्रवाशाच्या वहीबरहुकूम, वाटेत गावे लागतील तशी लावली होती. अकरा गावे आज कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. ती कार्डे अलीकडच्या-पलीकडच्या गावांमध्ये ठेवलेली असत. शेजारी कोण, हे ते कार्डावर लिहीत नसत. जागेवर ठेवले की लिहायला नको, असे म्हणत. ती वही पुढे वाळवीने खाल्ली.

कार्डे मीच दप्तरखान्याला दिली. दर मंगळवारी वाचायला जाते. गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता खण उघडला तर पहिलेच कार्ड भलते. मला वाटले, खण चुकला. तीनदा लावून उघडला. नवे दप्तरदार म्हणाले, "काकू, चार दिवस खपून आजच्या नावांप्रमाणे लावलंय. कुठलंही गाव मागा, चुटकीसरशी देतो." ते भले गृहस्थ आहेत. माझ्यासाठी खुर्ची आणली. मी त्या अकरांचे विचारले. त्यांनी बाद कागदांचा गठ्ठा दाखवला. "आजचं नावच नाही, त्याला खण कुठला देऊ?"

मी परवानगी घेऊन तीन दिवस बसले. सात कार्डांचे शेजारी आठवले, ती खणात त्या शेजाऱ्यांजवळ लावली. चार राहिली. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास ती चार पिशवीत घालून घरी आणली. कोणाला विचारले नाही. घरी कुठे ठेवावीत ते सुचेना, म्हणून पिशवीतच ठेवली.

आज दप्तरदारांच्या तक्रारीवरून मला बोलावले. चारही कार्डे टेबलावर हजर केली आहेत. हवालदार म्हणाले, "मावशी, चार पुठ्ठ्यांपायी ठाण्याची पायरी चढलात?" ही चोरी होते की नाही, मला सांगता येत नाही. दप्तरदारांविरुद्ध माझी तक्रार नाही. कार्डे बाद गठ्ठ्यात जाऊ नयेत, चुकीच्या जागी का होईना, खणात राहावीत, एवढीच विनंती आहे.

त्यांची खरी जागा कोणती, असे विचारल्यावरून सांगते की, प्रत्येकाची दोन गावांच्या मध्ये. कुठल्या दोन, ते यांनी मला एकदा वाचून दाखवले होते. त्या वेळी मी शिवत होते.

हवालदार जबाब वाचून दाखवणार होते, पण मी कागद मागून घेऊन स्वतः वाचला. सांगितला तसाच उतरला आहे. सही केली.